स्टेकला कडक आच, चीजला मंद: घरच्या दोन शेगड्यांवरचे भरपेट जेवण

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणाऱ्या एका दांपत्याला चार माणसांसाठी घरीच स्टेक आणि भरपूर चीज घातलेला क्रीमी पास्ता करायचा आहे. घरात पाइप गॅसच्या दोन शेगड्या, एक नॉनस्टिक पॅन, एक बिडाचा तवा आणि एक छोटा ओटीजी, म्हणजे विजेचा ओव्हन, आहे. याआधी त्यांनी हा बेत केला तेव्हा मांसाला पाणी सुटले, ते करडे पडले आणि चावता चावेना. सॉसमध्ये चीजचे गोळे झाले आणि वर तेल तरंगू लागले. मांस धुऊन, आले-लसूण आणि दह्यात मुरवून चारही तुकडे एकदम नॉनस्टिक पॅनमध्ये टाकले होते. सॉससाठी उकळत्या क्रीममध्ये मोझरेला घालून वरून लिंबू पिळले होते. यात नेमके काय चुकले आणि आता काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

दोन्ही पदार्थ बिघडण्याचे मूळ एकच आहे आणि ते म्हणजे आच. स्टेकला जेवढी आच हवी होती तेवढी मिळाली नाही आणि चीजला जेवढी सोसते त्यापेक्षा जास्त लागली. हॉटेलच्या स्वयंपाकघरात या दोन कामांसाठी दोन वेगळी माणसे असतात; घरी ती एकाच माणसाला, एकाच ओट्यावर, जवळजवळ एकाच वेळी करावी लागतात. म्हणून मसाल्यांचा विचार नंतर करावा. कोणत्या क्षणी कोणत्या शेगडीवर किती आच असेल, हे आधी मनाशी पक्के करावे.

सुरुवात मांसाच्या खरेदीपासून करू, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येला बंदी होतीच. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळू हेही त्या बंदीत आले. त्यामुळे आपल्याकडे परवानाधारक दुकानात स्टेकसाठी मिळते ते म्हशीचे किंवा रेड्याचे मांस. परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणाऱ्या, चरबीच्या पांढऱ्या जाळीने भरलेल्या रिबआयशी, म्हणजे बरगडीकडच्या कापाशी, त्याची तुलना करू नये. म्हशीचे मांस रंगाने गडद असते आणि त्याच्या धाग्यांमध्ये चरबी फार कमी असते. चरबी कमी असल्यामुळे ते जरा जास्त शिजले की लगेच कोरडे पडते, आणि म्हणूनच परदेशी कृतीतले मिनिटांचे आकडे जसेच्या तसे उचलून चालत नाही.

दुकानात ‘अंडरकट’ मागावे. कण्याच्या खाली, कमरेलगत लांबट असा हा स्नायू असतो. जनावराच्या चालण्याफिरण्यात त्याला फारसे कष्ट पडत नाहीत, म्हणून तो मऊ राहतो. त्याच्या दोन टोकांपैकी एक जाड आणि दुसरे निमुळते असते. आपल्याला मधला सारख्या जाडीचा भाग हवा. चौघांसाठी साधारण ९०० ग्रॅम ते १ किलो घ्यावे. दुकानदार सवयीने रश्श्याचे लहान तुकडे करायला घेईल, तेव्हा सुरी चालवण्याआधीच त्याला सांगावे की आडवे, साडेतीन ते चार सेंटीमीटर जाडीचे चार काप हवेत आणि वरचा चांदीसारखा चमकणारा चिवट पापुद्रा काढून द्यावा. हा पापुद्रा तव्यावरच्या थोड्या वेळात विरघळत नाही. उलट तो आकसतो आणि काप वाटीसारखा वर उचलला जातो, मग मधला भाग तव्याला टेकतच नाही. जाडीबाबत तडजोड करू नये. एक सेंटीमीटरचा पातळ काप बाहेरून खरपूस होईपर्यंत आतून पूर्ण शिजून जातो आणि तो वाचवण्याची कोणतीही युक्ती नाही.

अंडरकट मिळाले नाही तर मांडीचे मांस स्टेक म्हणून घेऊ नये; ते हळूहळू शिजवण्याच्या पदार्थांसाठी चांगले. त्याऐवजी बकऱ्याच्या चापा घ्याव्यात किंवा पोर्क चालत असेल तर कमरेकडचे जाड काप. पोर्क मात्र आपल्याकडे आतपर्यंत पूर्ण शिजवावे, त्यात गुलाबीपणा ठेवण्याचा हट्ट धरू नये.

आता एक गोष्ट जी बहुतेक घरांत दुर्लक्षित राहते. आपल्याकडे मांस ताजे, म्हणजे सकाळी कापलेले, हेच चांगले समजले जाते. रश्श्यासाठी ते खरेही आहे. परंतु कापल्यानंतर काही तासांत स्नायू ताठरतात, आणि पुढे थंडीत राहिले की मांसातलीच विकरे (एन्झाइम) धाग्यांना हळूहळू सैल करतात. परदेशात स्टेकचे मांस विकण्याआधी कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, थंड ठेवतात ते याचसाठी. तो प्रकार किरकोळ दुकानातल्या मांसावर घरी करू नये, ते सुरक्षित नाही. पण शनिवारच्या जेवणासाठी गुरुवारी संध्याकाळी किंवा शुक्रवारी सकाळी मांस आणून फ्रिजच्या सर्वांत थंड भागात, ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली, ठेवले तर फरक दातांना कळतो. दुकानातून घरी येताना, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, बर्फ घातलेली पिशवी सोबत न्यावी. घोडबंदरच्या वाहतुकीत अडकलेल्या गाडीत पाऊण तास पडून राहिलेले मांस फ्रिजमध्ये टाकून ताजे होत नाही.

मांस घरी आले की ते धुवावे की नाही, हा आपल्याकडे भावनेचा प्रश्न आहे. धुण्याने जंतू मरत नाहीत, ते शिंतोड्यांसोबत ओट्यावर आणि भांड्यांवर पसरतात. ते मरतात ते तव्यावरच्या आचेने. तरीही धुतल्याशिवाय चैन पडत नसेल तर धुवावे, पण त्याच क्षणी स्वच्छ सुती फडक्याने किंवा टिश्यू पेपरने दाबून दाबून कोरडे करावे. नंतर सर्व बाजूंनी मीठ लावावे. एक किलोला ८ ते १० ग्रॅम, म्हणजे सपाट दीड लहान चमचा बारीक मीठ पुरते. ताटात जाळी ठेवून त्यावर काप एकमेकांना न चिकटवता मांडावेत आणि न झाकता फ्रिजमध्ये ठेवावेत. शाकाहारी पदार्थ त्यांच्या वरच्या कप्प्यात जावेत, खाली नव्हेत.

मीठ लावल्यावर काय होते ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. पहिल्या पाच-दहा मिनिटांत कापावर घामासारखे थेंब येतात, कारण मीठ आतले पाणी बाहेर ओढते. पुढच्या अर्ध्या तासात त्या पाण्यात मीठ विरघळते आणि ते खारे पाणी पुन्हा मांसात शिरू लागते. दुसऱ्या दिवशी पाहावे तर पृष्ठभाग कोरडा, किंचित चिकट आणि जास्त गडद झालेला दिसतो, बोट फिरवले तर ओल लागत नाही. हाच पृष्ठभाग आपल्याला हवा आहे. म्हणून मीठ एक तर आदल्या दिवशी लावावे, नाही तर किमान ४० मिनिटे आधी, आणि तेही जमत नसेल तर तव्यावर टाकण्याच्या अगदी क्षणी. मधल्या वेळेत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटे आधी लावले तर थेंब बाहेर आलेले असतानाच मांस तव्यावर जाते.

ओल एवढी घातक का, याचे कारण सरळ आहे. पाणी १०० अंशांना उकळते, आणि पृष्ठभागावर पाणी आहे तोपर्यंत तिथले तापमान १०० च्या वर जात नाही. खरपूस तपकिरी कवच आणि त्याचा वास ज्या प्रक्रियेने येतो ती मायार प्रक्रिया साधारण १४० अंशांच्या आसपास जोर धरते. म्हणजे तव्याची सगळी आच आधी पाणी उडवण्यात खर्च होते, तोवर मांस आतून शिजत राहते, आणि पाणी संपते तेव्हा आत काही शिल्लक उरलेले नसते. तुमच्या कापांचे हेच झाले. धुतलेले पाणी, दह्याचे पाणी, आले-लसणाच्या वाटणाचे पाणी आणि एका पॅनमध्ये चार काप. ते भाजले गेलेच नाहीत, वाफेवर शिजले. दही आणि वाटण हे तंदुरीच्या प्रखर भट्टीसाठी किंवा रश्श्यासाठी ठेवावे. अंडरकट मऊ करण्यासाठी कच्च्या पपईचीही गरज नसते. पपईतले विकर वरचा थर लगदा करून टाकते आणि त्या लगद्यावर कवच धरत नाही.

तवा बिडाचाच वापरावा. नॉनस्टिकचा लेप साधारण २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो आणि त्याचा धूर आरोग्याला चांगला नसतो. रिकामा पॅन मोठ्या आचेवर त्या तापमानाला काही मिनिटांतच पोहोचतो. बीड जड असते, ते तापायला वेळ घेते, पण एकदा तापले की थंड मांस टाकल्यावरही त्याची उष्णता पटकन उतरत नाही. मध्यम आचेवर पाच-सात मिनिटे आणि नंतर मोठ्या आचेवर दोन मिनिटे तवा तापवावा. पाण्याचा शिंतोडा टाकताच तो चरचरून पसरला तर तवा अजून तयार नाही; थेंब गोळी होऊन तव्यावर पळू लागला तर तयार आहे. चिमणी सुरू ठेवावी, स्वयंपाकघराची खिडकी उघडावी आणि दिवाणखान्याकडचे दार लावून घ्यावे, कारण धूर होणारच आणि तो झाला पाहिजे.

तुमच्याकडे ओटीजी आहे, म्हणून चार कापांसाठी मी तुम्हाला उलट्या क्रमाची पद्धत सुचवतो. नेहमीच्या पद्धतीत आधी तव्यावर भाजतात आणि मग आतून शिजू देतात. इथे आधी मंद आचेत आतून शिजवायचे आणि शेवटी तव्यावर फक्त कवच आणायचे. ओटीजी १२० अंशांवर दहा मिनिटे तापवावा, खालच्या ट्रेवर जाळी ठेवून चारही काप त्यावर मांडावेत आणि कापाच्या मध्यभागी ५० ते ५२ अंश येईपर्यंत ठेवावेत. याला साधारण २५ ते ३५ मिनिटे लागतात, पण घरगुती ओटीजीची बटणे अचूक नसतात, तेव्हा घड्याळावर विसंबू नये. सुईचा डिजिटल थर्मामीटर विकत घ्यावा. या जेवणासाठी एकच नवी वस्तू आणायची असेल तर ती हीच. सुई बाजूने, कापाच्या पोटात मध्यापर्यंत घालावी. या पद्धतीचे दोन फायदे आहेत. चारही काप एकाच वेळी तयार होतात आणि ओटीजीतली कोरडी हवा पृष्ठभाग आणखी सुकवते, त्यामुळे तव्यावर कवच एका मिनिटात धरते.

तव्यावर दोन-दोन काप घ्यावेत. तेल तव्यावर न ओतता कापांनाच चोळावे. रिफाइंड शेंगदाणा तेल चांगले, कारण ते जास्त आच सोसते. काप ठेवताच मोठा, सलग चरचराट झाला पाहिजे. आवाज मंद होऊन फसफस ऐकू आली तर ओल सुटली आहे असे समजावे. उलथन्याने दाबू नये, दाबल्याने रस तेवढा बाहेर येतो. एका बाजूने एक मिनिट, मग चिमट्याने उलटून दुसऱ्या बाजूने एक मिनिट, नंतर काप उभा धरून कडा फिरवाव्यात. शेवटी आच मध्यम करून दोन चमचे साजूक तूप आणि ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या घालाव्यात आणि ते तूप पळीने कापांवर ओतत राहावे. परदेशी कृतीत इथे बटर असते. बटरमधले दुधाचे घन कण या आचेवर जळून कडू होतात. तुपात ते कढवतानाच निघून गेलेले असतात, म्हणून या कामासाठी मला आपले तूप अधिक योग्य वाटते. मिरी भरड कुटून तव्यावरून उतरवल्यावरच घालावी, कारण तीही जळते.

ओटीजी वापरायचा नसेल तर फ्रिजमधून काढलेले काप थेट तव्यावर, दर मिनिटाला उलटत, एकूण आठ ते दहा मिनिटे लागतील, आणि उतरवल्यावर जाळीवर सहा-सात मिनिटे ठेवावे लागतील. एकदाच उलटावे असा एक समज आहे, तो पाळण्याचे कारण नाही. वारंवार उलटल्याने काप दोन्हीकडून सारखा शिजतो. मांस तासभर बाहेर काढून ठेवा, असे थंड देशांतल्या पुस्तकांत लिहिलेले असते. ठाण्यातल्या उन्हाळ्यातल्या स्वयंपाकघरात ते करू नये. ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात आणि आपल्याला त्यातून काहीच मिळत नाही.

कुठे थांबायचे, हा खरा कौशल्याचा भाग. मध्यभागी ५४ ते ५७ अंश असताना मांस लालसर गुलाबी आणि सर्वांत रसदार असते. ६० ते ६३ ला ते फिकट गुलाबी होते, ७० च्या पुढे सगळीकडे करडे. अमेरिकेच्या कृषी विभागाची सूचना अखंड कापासाठी ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती अशी आहे, आणि आपल्याकडच्या किरकोळ मांसासाठी मी घरी तीच पाळायला सांगतो. तव्यावरून उतरवल्यावरही आतले तापमान ३ ते ५ अंश चढते, म्हणून ५९-६० ला उतरवावे आणि जाळीवर ठेवल्यावर ६३ गाठले का ते सुईने पाहावे. गाठले नसेल तर काप पुन्हा अर्धा-एक मिनिट तव्यावर ठेवावा. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वयस्कर माणसे आणि आजारातून उठलेले यांच्यासाठी ७१ अंशांपर्यंत शिजवावे. दुकानात सुईच्या यंत्राने किंवा हातोडीने ठेचलेले मांस असेल तर सगळ्यांसाठीच पूर्ण शिजवावे, कारण वरचे जंतू आत ढकलले गेलेले असतात.

ताटात गुलाबी पाणी दिसले की घरातले कोणी तरी ‘रक्त’ म्हणून ताट बाजूला सारते. ते रक्त नसते. स्नायूंमधल्या मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाने रंगलेले ते पाणी असते. तापमान वाढले की त्याचा रंग बदलतो. तरीही ज्याला तो रंग नको असेल त्याच्यावर तो लादू नये. त्याच्यासाठी जाड काप करपवत बसण्यापेक्षा तोच काप मधून आडवा चिरून दोन पातळ काप करावेत आणि लवकर शिजवून घ्यावेत, म्हणजे ते कोरडे होण्याआधी तयार होतात.

कापताना धाग्यांची दिशा पाहावी. अंडरकटमध्ये धागे लांबीने जातात आणि दुकानदाराने आडवे काप केलेले असल्यामुळे काम आधीच झालेले असते. दुसरा कोणताही भाग असेल तर सुरी धाग्यांना आडवी चालवावी.

आता पास्ता. पाकीट घेताना मागची बाजू वाचावी आणि ड्युरम गव्हाच्या रव्याचाच पास्ता घ्यावा. मैदा मिसळलेला पास्ता सॉसमध्ये दोन मिनिटांत गळून जातो. पेने, फुसिली किंवा रिगातोनी या आकारांत सॉस आतपर्यंत जातो. नुसता पास्ता जेवायचा असेल तर माणशी १०० ग्रॅम लागतो, पण सोबत स्टेक आहे, म्हणून चौघांना २८० ते ३०० ग्रॅम पुरे. तीन लिटर पाण्यात ३० ग्रॅम मीठ घालावे. हे मीठ पाहून पुष्कळ जण दचकतात. बहुतेक मीठ पाण्यातच राहते आणि थोडेच पास्त्यात शिरते. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी पास्ता काढावा, म्हणजे दाताखाली मधोमध किंचित कण लागतो. निथळण्याआधी दोन वाट्या पाणी बाजूला काढून ठेवावे. त्या पाण्यात पास्त्यातून सुटलेला स्टार्च असतो आणि तो चीजमधली चरबी व पाणी एकमेकांपासून वेगळे होऊ देत नाही. पास्ता नळाखाली धुणे किंवा त्याला तेल लावून ठेवणे या दोन्ही सवयी सोडाव्यात; दोन्हींमुळे सॉस त्याला धरत नाही.

चीजच्या बाबतीत तुमची पहिली अडचण चीजच्या निवडीतच होती. मोझरेला ताणण्यासाठी केलेले चीज आहे. पिझ्झावर जी तार आवडते तीच सॉसमध्ये गोळा होऊन बसते. गुळगुळीत सॉससाठी चेडार किंवा गौडा घ्यावे. त्यात थोडे साधे प्रोसेस्ड चीज मिसळावे, ज्याला काही लोक उगीच कमी लेखतात. प्रोसेस्ड चीज बनवताना त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेट क्षार घातलेले असतात, जे प्रथिने आणि चरबी यांना एकत्र बांधून ठेवतात. हा शोध जुना आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी असे चीज तयार केले आणि अमेरिकेत १९१६ मध्ये जेम्स क्राफ्ट यांनी आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले. आपल्या कामापुरते एवढे पुरे की सॉसमध्ये एक तृतीयांश प्रोसेस्ड चीज असेल तर त्यातले क्षार बाकीच्या चीजलाही फुटू देत नाहीत. चीज अखंड घेऊन घरीच बारीक किसावे. किसून पाकिटात मिळणाऱ्या चीजला चिकटू नये म्हणून लावलेली पूड सॉस खरखरीत करू शकते.

चीज फुटते म्हणजे काय होते तेही पाहू. चीज ही चरबी, पाणी आणि केसीन नावाच्या प्रथिनाची एकमेकांत अडकलेली मांडणी असते. मंद उष्णतेने ती सैल होते आणि सॉसमध्ये मिसळते. उकळत्या द्रवात पडली की प्रथिने आवळली जातात, चरबी पिळून बाहेर पडते, आणि मग पातेल्यात रबरी गोळे व वर पिवळे तेल दिसते. त्यात लिंबू पिळले की आंबटपणाने दुधातली प्रथिनेही साकळतात. एकदा असा पूर्ण फुटलेला सॉस पुन्हा गुळगुळीत होत नाही, म्हणून सारी काळजी आधी घ्यावी लागते.

रोममध्ये आल्फ्रेदो दी लेलियो यांनी प्रसिद्ध केलेला मूळ आल्फ्रेदो पास्ता फक्त बटर, पार्मेझान चीज आणि पास्त्याचे पाणी यांचा होता, त्यात क्रीम नव्हते. तो सुंदर लागतो, पण त्यात चुकीला जागा नाही. स्टेक सांभाळत असताना तुम्ही पांढऱ्या सॉसचा आधार घ्यावा, कारण त्यातला मैदा चीजला सांभाळून घेतो. जाड बुडाच्या पातेल्यात २५ ग्रॅम बटर वितळवून त्यात २५ ग्रॅम मैदा मंद आचेवर दोन मिनिटे, रंग न बदलता, कच्चा वास जाईपर्यंत परतावा. फुल क्रीम दूध, ज्यात ६ टक्के स्निग्धांश असतो, ५०० मिलिलिटर घ्यावे आणि ते कोमट असावे. आधी पळीभर घालून मैदा पूर्ण मोडून घ्यावा, मग थोडे थोडे वाढवत जावे. चार-पाच मिनिटे मंद उकळी येऊ द्यावी. सॉस या टप्प्यावर पातळ पिठल्याइतका असावा, चमच्याच्या पाठीवर थर राहावा आणि बोट ओढले तर रेघ टिकावी. त्याहून घट्ट झाला तर पास्ता आणि चीज पडल्यावर त्याचा गोळा होईल.

आता गॅस बंद करावा. हा या उत्तरातला सर्वांत महत्त्वाचा शब्द समजावा: बंद. मंद नव्हे. दोन मिनिटे थांबावे, सॉसमधून वाफ येत असेल पण बुडबुडा येत नसेल, तेव्हा १०० ग्रॅम किसलेले चेडार आणि ५० ग्रॅम प्रोसेस्ड चीज मूठ-मूठ घालून ढवळावे. पहिली मूठ नाहीशी झाल्यावरच दुसरी घालावी. चिमूटभर जायफळ किसावे, पांढरी मिरी आणि अगदी थोडी मोहरीची पूड घालावी. मोहरी चीजची चव वर आणते, पण स्वतः जाणवू नये. क्रीम हवे असेल तर २५ टक्के स्निग्धांशाचे फ्रेश क्रीम तीन-चार चमचे, तेही आता, आचेवर नव्हे. निथळलेला गरम पास्ता यात घालून काढून ठेवलेले पाणी पळीपळीने मिसळत ढवळावे. आधी सॉस पाणीदार दिसेल. मिनिटभर ढवळल्यावर तो चकचकीत होऊन पास्त्याला धरतो. ताटात वाढेपर्यंत तो आणखी घट्ट होतो, म्हणून भांड्यात तो थोडा सैलच ठेवावा. मीठ सर्वांत शेवटी चाखूनच घालावे. बहुतेक वेळा लागत नाही.

एक सावधगिरी. खरे पार्मेझान म्हणून मिळणारे इटालियन पार्मिजानो-रेजानो वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध साकळवणाऱ्या विकराने, विरजलेले असते. घरात कोणी शाकाहारी असेल तर ते त्यांच्या पास्त्यात घालू नये आणि प्रत्येक चीजवरचा हिरवा ठिपका पाहूनच घ्यावे. त्यांच्यासाठी बटण मशरूम मोठ्या आचेवर, वेगळ्या पॅनमध्ये, मीठ शेवटी घालून तपकिरी करावेत. तव्यावर आधी स्टेक झालेला असेल तर तो तवा त्यांच्यासाठी वापरू नये.

वेळेचे गणित असे बसते. जेवण साडेआठला असेल तर सव्वासातला ओटीजी तापवायला लावावा, साडेसातला काप आत जावेत. पावणेआठला एका शेगडीवर पांढरा सॉस करून चीज न घालता झाकून ठेवावा. साय धरू नये म्हणून त्यावर चमचाभर दूध पसरावे. त्याच शेगडीवर आठ वाजता पास्त्याचे पाणी चढवावे आणि दुसरीवर तवा तापत ठेवावा. काप ५० अंशांवर आले की ओटीजी बंद करून ते जाळीवर बाहेर काढावेत. पाणी उकळले की पास्ता टाकावा, आणि तो शिजत असताना तव्यावर दोन-दोन काप भाजून घ्यावेत. काप जाळीवर विसावत असताना सॉस पुन्हा कोमट करून, गॅस बंद करून, चीज आणि पास्ता एकत्र करावा. पास्ता थांबत नाही, स्टेक थांबतो. म्हणून माणसे ताटावर बसल्यावरच चीज घालावे. दोघे जण स्वयंपाकघरात असाल तर एकाने तवा आणि दुसऱ्याने पातेले वाटून घ्यावे आणि मध्ये अदलाबदल करू नये.

तव्यात उरलेले तपकिरी कण फेकू नयेत. जास्तीचे तूप काढून टाकून अर्धी वाटी पास्त्याचे पाणी तव्यात ओतावे, उलथन्याने खरवडावे आणि ते दाट झाले की कापांवर घालावे. स्टेकसाठी आणखी सॉस करण्याचा मोह टाळावा; शेजारी चीज असताना दुसरा मलईदार सॉस जेवण जड करतो. त्याऐवजी आंबट आणि कुरकुरीत काही तरी हवे. काकडी, कांदा आणि टोमॅटो पातळ चिरून त्यावर लिंबू, मीठ आणि थोडी साखर घातलेली साधी कोशिंबीर, दही न घालता, माझ्या मते कोणत्याही विकतच्या ड्रेसिंगपेक्षा या ताटाला जास्त शोभते. लिंबू पास्त्यात न पिळता इथे आणि स्टेकवर पिळावे.

उरलेले अन्न तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. पास्ता दुसऱ्या दिवशी दगडासारखा दिसेल. पाव वाटी दूध घालून झाकणाखाली अगदी मंद आचेवर, अधूनमधून ढवळत गरम केला तर सॉस परत सैल होतो, मायक्रोवेव्हच्या पूर्ण शक्तीवर मात्र तो नक्की फुटतो. उरलेला स्टेक पुन्हा गरम करण्यापेक्षा थंडच पातळ चिरून, मोहरीच्या सॉससोबत पावात घालून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवावा.